अर्धा सेंटीमीटर आणि खणातला अर्ज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे प्रमुख विश्वस्त सर, शाळेच्या कामातून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या मुख्याध्यापिका बाई, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ते सत्कारमूर्ती आमचे मिस्त्री, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या वहिनी, कार्यशाळेतले माझे सहकारी, आणि इथे तयार झालेल्या पायांवर चालत आज या सभागृहात आलेले आपले सगळे जुने-नवे रुग्ण, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

संचालक या नात्याने मी चार गौरवाचे शब्द बोलावेत, अशी संयोजकांची इच्छा आहे. भाषण लिहून आणलंय. त्यात ‘निष्ठा’ हा शब्द सहा वेळा आहे आणि ‘आधारस्तंभ’ तीन वेळा. सकाळी आरशासमोर वाचून पाहिलं, तर माझंच मला हसू आलं. तेव्हा तो कागद राहू द्या. मला या माणसाविषयी जे खरंच वाटतं ते सांगतो. मला याचा हेवा वाटतो. गेली पस्तीस वर्षं वाटतो.

हसा, हसा. मिस्त्री तेवढे हसत नाहीयेत, कारण त्यांना हे ठाऊक असावं.

आम्ही दोघं एकाच दिवशी इथे शिकाऊ म्हणून लागलो. एकच टेबल, एकच शिकवणारा. कृत्रिम पाय बनवणं म्हणजे काय, तर कापल्यावर उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून तो पाय आत बसेल अशी खोबण बनवायची, खाली दांडा आणि पाऊल जोडायचं आणि माणसाला उभं करायचं. मी मापात पक्का. माझी मोजपट्टी मिलिमीटरला चुकायची नाही. आणि हा? हा माणसाला पाय बसवायचा, आपल्या लाकडी फळ्यांच्या लांब व्हरांड्यात न्यायचा, म्हणायचा, “आता माझ्याकडे पाठ करून चाला.” आणि स्वतः डोळे मिटून उभा राहायचा. पावलांचा आवाज ऐकायचा. मग म्हणायचा, “टाच थोडी लवकर पडतेय,” की लागला कानस घेऊन घासायला. मी नाक मुरडायचो. म्हणायचो, अरे, ही कार्यशाळा आहे, गाण्याचा क्लास नाही.

पण रुग्ण दारातून आत आले की विचारायचे काय? “ते डोळे मिटणारे मिस्त्री आहेत का आज?” मी समोर उभा असायचो, पांढऱ्याशुभ्र कोटात, आणि हात करून याचं टेबल दाखवायचो. असं दिवसातून चार-पाच वेळा तरी व्हायचं.

पुढे मी चढत गेलो. कार्यशाळाप्रमुख झालो, उपसंचालक झालो, संचालक झालो. केबिन मिळाली, काचेचा दरवाजा मिळाला. कॉलेजांमधून मला ‘यशस्वी करिअर कसं घडवावं’ या विषयावर बोलायला बोलावतात. ध्येय ठरवा, पायऱ्या मोजा, मागे वळून पाहू नका, असं मी मुलांना सांगतो आणि मुलं लिहूनही घेतात. याला तीनदा बढती देऊ केली, तिन्ही वेळा याने नको म्हटलं. मला वाटायचं, घाबरतो. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून बसली. काय करावं ते तिला सुचत नव्हतं. जिचा बाप याच विषयावर गावोगाव भाषणं देतो, ती सल्ला विचारायला कुणाकडे गेली असेल? याच्या टेबलापाशी. घरी आली ती उजळलेला चेहरा घेऊन. मी विचारलं, “काय म्हणाले काका?”

म्हणाली, “काका म्हणाले, कुठल्या कामातली चूक तुझ्या जिवाला लागते ते बघ. ज्या कामातली लागत नाही ते सोडून दे, लोक कितीही शाबासकी देवोत.”

“एवढंच?”

“एवढंच. मग त्यांनी मला कानस धरायला दिली.” आणि जरा थांबून म्हणाली, “बाबा, तुमच्या जिवाला कुठली चूक लागली हो?”

मी पेपर उघडला आणि तिला म्हटलं, चहा टाक.

आज तिला उत्तर देतो. ती तिकडे मागे उभी आहे. आणि इथे मला प्रमुख पाहुण्यांची क्षमा मागून त्यांचीच गोष्ट सांगावी लागेल. बाई, परवानगी आहे ना? आहे.

बावीस वर्षांपूर्वी बाई आमच्याकडे आल्या तेव्हा त्या साध्या शिक्षिका होत्या. त्याआधी बारा वर्षं त्या एक जुना, आखूड पाय वापरत होत्या. मी त्यांचा पाय केला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नेटकं काम. दुसऱ्या पायाशी तंतोतंत बरोबरीचा, केसाचाही फरक नाही. आणि तीच चूक होती. बारा वर्षं आखूड पायावर तोललेलं शरीर एकदम सरळ कसं होणार? फळ्यासमोर तासभर उभं राहिलं की बाईंची कंबर धरायची. त्या पुन्हा आल्या तेव्हा मी रजेवर होतो. आठवड्याने परत आलो तर टेबलावर बाईंचं पत्र. दिवसभर उभं राहून शिकवता येतंय, कंबर दुखत नाही, वगैरे. पाय करणारा म्हणून त्यात माझं नाव. ते पत्र विश्वस्तांच्या बैठकीत वाचलं गेलं. कार्यशाळाप्रमुखाच्या जागेसाठी आम्हा दोघांची नावं होती. जागा मला मिळाली.

सहा महिन्यांनी पट्टा बदलायला तो पाय माझ्याकडे आला. सवयीने मोजला. अर्धा सेंटीमीटर कमी होता. कापलेली कड अशी घासली होती, की इथल्या कुणालाही विचारा, तो हात एकाच माणसाचा. मी पट्टा बदलला आणि पाय परत दिला. पत्रातलं माझं नाव तसंच राहू दिलं. मुली, तू विचारलंस म्हणून सांगतो. ती चूक माझ्या जिवाला लागली नाही. ती दुसऱ्याने दुरुस्त केली, हे लागलं. बावीस वर्षं लागतंय.

विश्वस्त सर घड्याळाकडे बघतायत. सर, दोनच मिनिटं, आणि ती तुमच्याच कामाची आहेत.

आपल्याकडे नियम आहे, वय झालं की निवृत्ती. पण कारागिराला हवी असतील तर आणखी दोन वर्षं मिळू शकतात. संचालकाची शिफारस लागते, विश्वस्तांची सही लागते, आणि ती नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत व्हावी लागते. तीन महिन्यांपूर्वी हा माझ्या केबिनमध्ये आला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा याने माझ्यासमोर काही मागणारा कागद ठेवला. म्हणाला, “बघ जमलं तर. हात अजून चालतोय.”

तो अर्ज मी खणात ठेवला.

मध्ये दोनदा याने विचारलं, “झालं का रे?” मी म्हटलं, “वर पाठवलाय.” पाठवला नव्हता. वहिनी, माझ्याकडे असं बघू नका, मला पुढचं बोलायचंय. माझी स्वतःची दोन वर्षं उरलीत. मला वाटलं, निदान तेवढी दोन वर्षं तरी दारातून येणारा माणूस याला विचारणार नाही. म्हणजे हा हॉल, हे पुष्पगुच्छ, हा सगळा निरोप माझ्या पोटदुखीतून निघालाय. तुम्हाला वाटलं असेल, वयोमानानुसार.

मागच्या आठवड्यात आजचं निमंत्रण द्यायला बाईंच्या शाळेत गेलो. म्हटलं, यांच्यापाशी तरी ते अर्ध्या सेंटीमीटरचं ओझं उतरवू. मी सुरुवात केली आणि बाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, “अहो, मला माहीत आहे. मी मिस्त्रींचंच नाव लिहायला निघाले होते. त्यांनीच थांबवलं. म्हणाले, बाई, पाय त्याने बनवलाय, त्याचंच नाव लिहा. माझं लिहिलंत तर मला वर नेऊन बसवतील, आणि मी कामातून जाईन.”

मी चहा तसाच ठेवून उठलो. लक्षात येतंय ना तुमच्या? ज्या खुर्चीचा मी बावीस वर्षं तोरा मिरवला, ती याने नको म्हणून माझ्याकडे सरकवली होती. मी मुलांना ज्या पायऱ्या मोजायला सांगतो त्यातली पहिली यानेच मला लावून दिली, स्वतःचं टेबल वाचावं म्हणून. याच्यावर संतापावं की याचे पाय धरावेत, मला कळेना. अजूनही कळत नाही. हेवा कमी झाला म्हणाल तर तसंही नाही, उलट वाढलाय. आपल्याला आयुष्यात काय हवं हे ज्याला चाळिशीच्या आतच इतकं स्पष्ट कळलं होतं, त्याचा हेवा करू नये तर कुणाचा करावा?

तर सर, हा तो अर्ज. तारीख तीन महिन्यांपूर्वीची आहे, शिफारस आज सकाळची आहे. उशिराचं कारण मी खाली माझ्या अक्षरात लिहिलंय, त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई करायची ती उद्या करा. आज याचा शेवटचा दिवस, आणि ऑफिस सुटायला अजून दीड तास आहे. मिस्त्री, उठू नकोस, बस. तुझ्या मनात आता माझ्याविषयी जे काही असेल ते उद्या टेबलापाशी सांग, आणि नाही सांगितलंस तरी मी समजून घेईन.

आपण सगळे आलात, संयोजकांनी राबून कार्यक्रम उभा केला, बाईंनी स्वतःची गोष्ट सांगू दिली, सर्वांचे मनापासून आभार. निरोपाच्या भाषणात निरोपच राहिला नाही, याबद्दल आणि बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल त्याबद्दल मोठ्या मनाने क्षमा करावी. पुष्पगुच्छ आणलेच आहेत, तर ते वहिनींनी घरी न्यावेत.

सर, सही इथे, दुसऱ्या पानावर करायची आहे. पेन आहे माझ्याकडे.