जुनं होतं याचा पुरावा

बाई: कॉम्प्युटर किल्ली घेत नाही म्हणजे काय? पाकीट तुमच्यासमोरच फोडलं. रीतसर विकत घेतलेली किल्ली आहे.

दुरुस्तीवाली: किल्ली खरी आहे, बाई. पण अपग्रेडची आहे. मशीनवर आधीची सिस्टीम दिसली तरच ती नवी बसू देते. आणि आधीची आपण सकाळीच पुसली.

बाई: पुसा असं तुम्हीच म्हणालात.

दुरुस्तीवाली: व्हायरसनं पार पोखरलं होतं, कोरं केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पाकिटावरचं बारीक अक्षर आधी वाचायला हवं होतं, ती चूक माझी. जुनी डिस्क द्या, तेवढ्यानं भागेल.

बाई: रंगकामाच्या वेळी रद्दीत गेली.

दुरुस्तीवाली: पावती?

बाई: तीही. अहो, निकाल पाठवायला नोंदवलेलं मशीन हे एकच. दोनच्या आत गेला नाही तर त्रेचाळीस मुलांचे पुढचे प्रवेश लटकतील. मुख्याध्यापिका म्हणून त्यांच्या आईबापांना मी काय तोंड दाखवू?

दुरुस्तीवाली: एक वाट आहे. किल्ली न घालता नवी बसवायची, मग तिच्यातूनच तीच पुन्हा वर चढवायची. तिला वाटतं, खाली आधीचं काहीतरी आहे. मग किल्ली चालते.

बाई: ही तर शुद्ध फसवणूक झाली.

दुरुस्तीवाली: जुनी तुमच्याकडे खरंच विकत घेतलेली असेल तर नाही. नसेल तर आहे. म्हणून विचारते, होती ना?

बाई: सात वर्षं याच टेबलावर होती. माझ्या शब्दावर विश्वास नाही का?

दुरुस्तीवाली: हेच वाक्य मी लहानपणी इथेच ऐकलंय, बाबांच्या तोंडून. बाहेरच्या बाकावर बसले होते, दार उघडं होतं. तुम्ही म्हणालात, शब्दावर शाळा चालत नाही, सर, कागद आणा.

बाई: तू... चित्रकलेच्या सरांची धाकटी.

दुरुस्तीवाली: हो.

बाई: त्यांना कायम करायचं तर प्रशिक्षणाचा दाखला लागत होता. तो पुरात गेला म्हणाले. त्यांचं कॉलेजही बंद पडलेलं. मी नियमाबाहेर कशी जाणार होते?

दुरुस्तीवाली: बाबा आजही म्हणतात, रुजू झालो त्या दिवशी बाईंनी दाखला हातात घेऊन वाचला होता.

(दुरुस्तीवाली कीबोर्डकडे वळून कामाला लागते.)

बाई: काय करतेयस?

दुरुस्तीवाली: पहिल्यांदा बसवून झाली. दुसऱ्यांदाही चढत आली.

बाई: दाखल्याचं मी अजून उत्तर दिलं नाही.

दुरुस्तीवाली: सिस्टीम होती म्हणालात ना? मला तेवढं पुरे. बाबांच्या गोष्टीचा राग धरून विचारलं नाही, आणि मुलांना त्यात कशाला ओढू? ही बघा, घेतली किल्ली. निकाल पाठवा.

बाई: सर काय करतात हल्ली?

दुरुस्तीवाली: दुकानांच्या पाट्या रंगवतात. गुडघ्यांमुळे आता शिडीवर चढवत नाही त्यांना. एका शिकवणीत चित्रकलेला माणूस हवाय, पण तिथेही आधीचा पुरावा मागतात.

बाई: निळी शाई होती. खाली प्राचार्यांची तिरकी सही. डावा कोपरा दुमडलेला.

दुरुस्तीवाली: म्हणजे आठवतंय.

बाई: तेव्हाही आठवत होतं. वरून चौकशी आली आणि मी भ्याले. 'दाखला पाहिलेला नाही' असं लिहून मोकळी झाले.

दुरुस्तीवाली: आणि बाबांची नोकरी गेली.

बाई: त्या कपाटातून शाळेचं लेटरहेड दे. पाहिला होता असं लिहिते, सही-शिक्क्यासकट. तारीख कुठली घालू? तेव्हाची घातली तर सरांना जास्त उपयोगी पडेल.

दुरुस्तीवाली: आजचीच घाला, बाई.