येळवसच्या दिवशी स्लॅब

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि या महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. दयानंद बिरादार सर, बांधकाम व्यवस्थापन विभागाच्या प्रमुख प्रा. विशाखा सोनकांबळे मॅडम, व्यासपीठावर विराजमान सर्व मान्यवर, समोर बसलेले गुरुजन, पालक बंधू-भगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातलाय ते एम.टेक.चे अठरा विद्यार्थी, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं आत्ता 'सुप्रसिद्ध उद्योजक' असं म्हटलं, तेव्हा मीच मागं वळून बघितलं, कोण आलं म्हणून. मॅडम, मी रेणापूरचा रामकिशन आकनगिरे. लातुरात बांधकामाची गुत्तेदारी करतो. मिस्त्रीच्या हाताखाली लागलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं, आता आहे ते पांढरं झालंय. शिक्षण विचाराल तर बारावीची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा बोर्डाला माझी किंमत कळली नाही. हसा, हसा, निरोपाच्या कार्यक्रमात रडायची घाई नको.

तिसऱ्या रांगेत निळ्या साडीत जी मुलगी मान खाली घालून बसलीय, ती शिल्पा. माझी मोठी लेक. बाप काय बोलतो याची तिला धास्ती आहे, आणि ती रास्त आहे. येत्या सोमवारी ती नोकरीला हैदराबादला चाललीय. त्याआधी मला तिच्याशी एक बोलायचंय, आणि ते घरात बोलून भागणार नाही. पाच महिने झाले, ती माझ्या साइटवर आलेली नाही. घरात बोलते, जेवायला वाढते, माझ्या गोळ्यांची आठवण करते. साइटचं नाव काढलं की उठून जाते. म्हणून मॅडमचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. मॅडमना वाटलं, गुत्तेदाराला भाषणाची हौस. तीही आहे थोडी.

ही मुलगी इंजिनियर झाली तेव्हा मी पेढे वाटले. पुढं म्हणाली, 'पप्पा, मला कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट शिकायचंय.' पाहुण्यारावळ्यांनी विचारलं, म्हणजे काय हो? मी काय सांगणार? मी म्हणालो, मी जे बिनशिकता करतो ते ही शिकून करणार. माझ्या मनात खरंच तसंच होतं. माणसं सांभाळणं, माल वेळेवर आणणं, पावसाच्या आत काम उरकणं, याला कॉलेज कशाला लागतं? नांदेडला दोन वर्षं खोली करून राहायचं ते यासाठी?

मग सुटीत घरी आली की हिचे प्रश्न सुरू. 'पप्पा, एक मिस्त्री दिवसाला प्लास्टर किती करतो?' मी म्हणालो, मिस्त्री बघून सांगतो. तर पोरगी वही काढून बसली. कोणता मिस्त्री, कोणता महिना, भिंत उन्हात का सावलीत, मचाण किती उंच. तीन दिवस माझ्या मागं मागं फिरली आणि माझ्या डोक्यात तीस वर्षांत जे साचलं होतं ते सगळं लिहून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. एवढं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं, हिच्या आईनंसुद्धा नाही.

शेवटच्या वर्षी साइटवर काम करावं लागतं. ती माझ्याच साइटवर आली. लातुरात एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह बांधत होतो. तिनं कामाचा चार्ट केला. कधी काय सुरू, कधी काय संपणार, कशामुळं काय अडणार, सगळ्या रंगीत पट्ट्या. मी आमच्या भीमाशंकर मुकादमाला म्हणालो, बघ, आपल्या साइटवर इंद्रधनुष्य आलंय. कॉलेजला द्यायच्या प्रतीवर खाली एक ओळ होती, 'साइट प्रमुखाने तपासले'. तिथं मी गाडीच्या बॉनेटवर ठेवून झोकात सही केली. तपासलं काय? सहीला जागा कुठं आहे तेवढं तपासलं.

आता नांदेडकरांसाठी सांगतो. तुमच्याकडं काही गावांत असेल, पण आमच्या लातूरला येळवस म्हणजे काय चीज आहे ते तिथं येऊनच बघावं. त्या अमावस्येला अख्खं शहर शेतात असतं. दुकानं बंद, रस्ते ओस. कडब्याच्या कोपीत पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, उंडे, खीर. ज्याला शेत नाही त्याला दहा शेतांची आवतनं. त्या दिवशी लातुरात मजूर मिळत नाही, मालकही मिळत नाही.

आणि शिल्पाच्या चार्टात पहिल्या मजल्याचा स्लॅब बरोबर त्याच दिवशी आला!

कॉम्प्युटरला रविवार माहीत, पंधरा ऑगस्ट माहीत. येळवस त्याला कोण सांगणार? ही मुलगी परीक्षेसाठी नांदेडला, डोक्यात नुसते पेपर. आदल्या दिवशी तिनं फोन केला, 'पप्पा, उद्या चार्टप्रमाणंच ना?' मी दिमाखात म्हणालो, 'हाव, चार्टप्रमाणंच.' चार्ट माझ्या गाडीच्या डिकीत. मी मुकादमाला सांगून बसलो होतो की स्लॅब येळवस झाली की घेऊ. तिनं तिकडून रेडीमिक्सच्या गाड्या ठरवल्या. तो प्लँट परराज्यातल्या लोकांचा, त्यांना येळवस नाही. पहाटेच्या गाडीनं ती निघाली, बरोबर वर्गातली दोघं, नायगावचा नागसेन आणि रूपाली, स्लॅब बघायला म्हणून. लातूर जवळ आलं तसं बसमधल्या निम्म्या लोकांच्या मांडीवर टोपल्या होत्या म्हणे. तरी या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. मॅडम, तुमचे विद्यार्थी हुशार आहेत, मी नाही म्हणत नाही.

साइटवर येऊन बघतात तर माणूस नाही. राखणदार कस्तुराबाई तेवढ्या होत्या. आणि समोरून सहा घनमीटर काँक्रीट घेऊन गाडी आत आली, ड्रम फिरतोय. तो माल दोन-अडीच तासांत कुठंतरी पडायलाच पाहिजे, नाहीतर दगड होतो. तुम्ही काय केलं असतं? मी तर डोक्याला हात लावून बसलो असतो.

या मुलीनं आधी प्लँटला फोन लावून मागच्या गाड्या थांबवल्या. मग तोच चार्ट उघडला. बारा दिवसांनी कुंपणाच्या खांबांचे पाये भरायचे होते. वीस खड्डे खणून तयार, तळात जाळी बांधलेली, आणि ती तिनं स्वतः तपासलेली. स्लॅबचा माल त्या कामापेक्षा भारी. भारीचा माल हलक्या कामाला चालतो, उलटं चालत नाही. तिनं गाडी कुंपणाच्या कडेनं घेतली आणि एकेका खड्ड्यावर थांबवत माल सोडला. व्हायब्रेटर कुलपात, चावी मुकादमाच्या खिशात आणि खिसा शेतात. मग तिघांनी आणि कस्तुराबाईंनी सळयांनी ठोसून ठोसून माल बसवला. वीसच्या वीस खड्डे.

प्लँटवरून मला फोन आला तेव्हा मी शेतात दुसऱ्यांदा भज्जी वाढून घेत होतो. तसाच उठलो. मुकादम आणि हाताला लागतील तेवढी माणसं जीपमध्ये घातली आणि निघालो. साइटच्या फाटकातून रिकामी गाडी बाहेर पडताना दिसली. मला वाटलं, सगळा माल ओतून टाकला. मी जीपमधून उतरलो तो ओरडतच. सगळ्यांसमोर म्हणालो, 'तुझ्या कागदांनी माझं नाव घालवलं. उद्यापासून माझ्या साइटवर पाऊल टाकायचं नाही.'

 हाताला सिमेंट लागलेलं होतं, ते पुसत शिल्पा उभी राहिली. बोलल्या त्या कस्तुराबाई. म्हणाल्या, 'मालक, वरडून झालं आसंल तर तिकडं बी बघा की. ईस खड्डे भरल्यात पोरांनी, तुमी भज्जी खाऊस्तोवर.'

मी गेलो. सगळे खड्डे हिंडून बघितले. एकात खोट निघाली नाही. परत आलो आणि काय म्हणालो असेन? म्हणालो, 'चला, जेवायला चला.' एवढंच! नागसेननं पाच उंडे खाल्ले, रूपालीनं आंबील दोनदा मागून घेतली, हसणं-खिदळणं झालं, शिल्पाही हसली. मला वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी ती साइटवर आली नाही. उरलेलं काम तिनं नांदेडला दुसऱ्यांच्या साइटवर पूर्ण केलं.

मुलांनो, तुमच्या नोकऱ्यांची यादी मॅडमनी मला दाखवली. नागसेन मोजमापं आणि करारनामे बघणार, रूपाली मोठ्या पुलाच्या कामावर सुरक्षा अधिकारी, कुणी दर्जा तपासणार, कुणी दुबईला जाणार, दोघं सरकारी परीक्षेला बसणार, एक तर म्हणे इथंच शिकवणार. शिल्पा रेल्वेच्या कामावर नियोजन बघेल. पूर्वी मला हे सगळं खुर्चीतलं काम वाटायचं. आता कुणी पाहुणा विचारतो, लेक काय शिकली, तर मी त्याला ते वीस खड्डे दाखवायला नेतो. वर आता कुंपण उभं आहे, दिसत काही नाही, तरी नेतो. तुमच्या हाताखाली माझ्यासारखे पुष्कळ गुत्तेदार येतील. ते तुमच्या चार्टला हसतील आणि न वाचता सही करतील. त्यांना सही करू देऊ नका. समोर बसवून एकेक पट्टी वाचून दाखवा आणि विचारा, काका, यात काय राहिलंय? त्यांना जे ठाऊक आहे ते तुमच्या कॉम्प्युटरला ठाऊक नाही.

प्राचार्य सर घड्याळ बघतायत, आवरतं घेतो. संयोजकांनी बोलावलं, फेटा बांधला, एवढा वेळ ऐकून घेतलं, त्याबद्दल सर्वांचे आभार. मॅडम, तुमचे विशेष, कारण माझ्या लेकीला खचू दिलं नाही ते तुम्ही.

शेवटी वक्ते म्हणतात, बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. आजच्या बोलण्याचं तुम्ही ठरवा. माझं अधिकउणं झालं ते येळवसच्या दिवशी. तेव्हा जेवढी माणसं ऐकत होती, तेवढी सगळी मी आज लातूरहून घेऊन आलोय. मागच्या रांगेत बघा. मुकादम आहेत, कस्तुराबाई आहेत, जीपमधले अकरा जण आहेत. नागसेन, रूपाली इथंच आहेत. ज्यांच्यासमोर तुला बोललो, त्यांच्यासमोरच हे बोलायचं होतं.

शिल्पा, तारीख तू चुकलीस, ते चुकलंच. पण येळवस मला पन्नास वर्षं माहीत आहे, आणि त्या कागदावर 'तपासले' म्हणून सही माझी होती. नाव घालवलं ते मी. बोल तुला लावला. माझं चुकलं, बाई. मला माफ कर. सोमवारी हैदराबादला जा, मी थांब म्हणणार नाही. फक्त जायच्या आधी एकदा साइटवर ये.

अगं, तू उठू नको. बस तिथंच. मी येतो खाली.

जय हिंद, जय महाराष्ट्र. आणि कुणीतरी एवढा माईक बंद करा हो.