एक्केचाळीस नंबरची बाटली

विद्यार्थिनी: तरीही फोडा तो लिफाफा, मॅडम. आत्ता.

मॅडम: अगं, अठरा नमुने यायचेत अजून. सगळे अहवाल हातात आल्याशिवाय नावांची यादी उघडायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलंय आपलं. आधी बस. किती धापा टाकतेयस!

विद्यार्थिनी: बसवत नाही. सकाळी शिवणकारखान्यात गेले होते, उरलेल्या बाटल्या आणायला. काजं करणाऱ्या मावशी जागेवर नव्हत्या. बायका म्हणाल्या, तिची नात रुग्णालयात आहे. सात महिन्यांची. आधी ताप, मग आकडी, आता डोळेच उघडत नाही. आणि डॉक्टर घरच्यांना सारखं एकच विचारतायत, घरात खोकतंय कोण?

मॅडम: मावशी खोकतात?

विद्यार्थिनी: म्हणून तर बाटली दिली होती त्यांना, थुंकीच्या तपासणीची. मॅडम, एक्केचाळीस नंबरात क्षयाचे जंतू सापडलेत. कागद येऊन नऊ आठवडे झाले.

मॅडम: पण एक्केचाळीस म्हणजे त्याच, हे कशावरून?

विद्यार्थिनी: कशावरूनच नाही. म्हणून म्हणते, फोडा.

मॅडम: कपाटाची किल्ली त्या डबीत आहे, खडूंच्या खाली. दे इकडे. हा लिफाफा... बघ तूच. नको, थांब, मीच वाचते. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस... त्याच आहेत गं.

विद्यार्थिनी: तो कागद आला तेव्हा मला आनंद झाला होता, मॅडम. शंभर बाटल्यांत एक तरी निघाली म्हणून. तक्त्यात लाल टिंब दिलं आणि मैत्रिणींबरोबर चहाला गेले.

मॅडम: असं बोलू नकोस.

विद्यार्थिनी: झालं ते तसंच झालं.

मॅडम: नियम माझा होता. तुझ्या प्रबंधाच्या मसुद्यात तू लिहिलं होतंस, ‘जंतू सापडल्यास दोन दिवसांत कळवू.’ ते वाक्य मी खोडलं. का, सांगू? तुझ्याएवढी असताना एका बाईचं नाव माझ्या तोंडून मुकादमापुढे निसटलं. दुसऱ्या दिवशी तिचं मशीन दुसरीला दिलं त्यानं. पोरं घेऊन फाटकाशी उभी राहायची ती. नुसती माझ्याकडे बघायची. तेव्हापासून नावं मी कुलपात ठेवते आणि काम संपल्यावरच काढते.

विद्यार्थिनी: मी जाते त्यांच्याकडे.

मॅडम: थांब. आधी वॉर्डात फोन करते, म्हणजे बाळाचं औषध लगेच सुरू होईल. आणि तू मावशींना एवढंच सांग, अहवाल आलाय, तुम्हालाही औषध घ्यायचंय. तारीख काढू नकोस. कॉलेजच्या संशोधन समितीला मी लिहीन सगळं, माझ्या सहीनं. तुझं वर्ष जाईल गं पोरी! आणि नऊ आठवडे ऐकून त्या बाईचं काय भलं होणार आहे?

विद्यार्थिनी: त्यांनी विचारलं तर?

मॅडम: नाही विचारणार. एवढ्या दुःखात कोण तारखा विचारतं?

विद्यार्थिनी: त्यांनी दोनदा विचारलंय, मॅडम. आधीच.

मॅडम: ...चल. मी येते.

(रुग्णालयात, बालविभागाच्या दाराबाहेर.)

मावशी: आलीस का गं बाटलीवाले! बघ, मला दारातच उभं केलंय. तोंडाला हे फडकं बांधलंय, लग्नातल्या घोड्यासारखं. आत पाऊल टाकायचं नाही म्हणतात.

विद्यार्थिनी: मावशी, ह्या आमच्या मॅडम.

मावशी: बसा हो, मॅडम. तिकडे नको, ते बाकडं ओलं आहे, इकडे बसा. पोर गुणाची आहे तुमची. दर खेपेला विचारायची, मावशी, जेवलात का?

विद्यार्थिनी: मावशी, तुमच्या त्या बाटलीत...

मावशी: डॉक्टर बोलला मघाशी. कुणाचा तरी फोन आला म्हणे. माझ्यातनंच गेलंय ते तिच्यात.

मॅडम: औषधानं बरं होतं, मावशी. सहा महिने नेमानं घ्यायचं, एक दिवसही चुकवायचं नाही.

मावशी: माझं राहू द्या. कळलं कधी तुम्हाला? आज?

मॅडम: त्याचं असं झालं, मावशी...

विद्यार्थिनी: नऊ आठवड्यांपूर्वी.

मावशी: नऊ.

विद्यार्थिनी: माझ्याजवळ नंबर होता, नाव नव्हतं. पण ते काही कारण नाही. मी मागायला हवं होतं.

मावशी: नऊ आठवड्यांपूर्वी म्हणजे... पालथी पडायला लागली होती ती तेव्हा. मी विचारलं होतं गं तुला. एकदा जिन्यात, एकदा फाटकाशी. तू म्हणालीस, सगळ्यांचं एकदम सांगणार आहोत. मी मनात म्हटलं, काही वाईट असतं तर ही पोरगी धावत आली असती. निर्धास्त झाले. रोज छातीवर घेऊन निजवलं तिला.

मॅडम: हिचा दोष नाही, मावशी. हिनं बरोबर लिहिलं होतं, मी खोडलं. काय बोलायचं ते मला बोला.

मावशी: बोलले की दम लागतो हो, मॅडम. आम्ही बायकाच म्हणालो होतो, मुकादमाला नाव कळू देऊ नका. तेवढं पाळलंत तुम्ही. पण मलाही कळू देऊ नका, असं कोण म्हणालं होतं?

मॅडम: कुणीच नाही.

मावशी: वाचेल का ती?

मॅडम: खोटं नाही सांगत. अवघड आहे. औषध सुरू झालंय. ह्यापुढे मलाही हात जोडण्याशिवाय काही येत नाही, मावशी.

मावशी: हं... बाटलीवाले, तुला सोडतात ना आत?

विद्यार्थिनी: सोडतात.

मावशी: मग माझं एक काम कर. मला गाणं येत नाही. निजवताना मी काजं मोजते तिच्या कानाशी. पहिलं काज, दुसरं काज, असं हळू, ठेक्यात. मघाशी इथून मोजून बघितलं, पण चारापुढे खोकला येतो. आणि दारातनं तिला ऐकू तरी जातं की नाही, देव जाणे.

विद्यार्थिनी: जाते मी. कितीपर्यंत मोजू?

मावशी: घरी मी तिचे डोळे मिटेपर्यंत मोजायचे. तू उघडेपर्यंत मोज.