शेवंतीची सही

मुलुंडला नोटरीच्या टेबलाशी माझ्या पुढे एक मुलगा आणि त्याची आई होती.

“आई, कॅनडावाले विचारतायत, माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव शेवंती, मग पासपोर्टवर रश्मी कशी?”

“पहिलं बाळंतपण माहेरी, मालवणला. दाखला तुझ्या आजोबांनी काढला. त्यांची तर मी शेवंतीच होते ना!”

“पण लग्नात नाव बदललं होतं ना तुझं?”

“बदललं तुझ्या बाबांनी. ताटात तांदूळ पसरले नि अंगठीनं रश्मी लिहिलं. झालं.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“मला विचारलं कुणी?”

“वाट लागली यार! कॅनडात कायम राहायचा माझा पीआर तीन महिने अडकलाय, तुमच्या त्या तांदळापायी. आता लिहून द्यायचंय, शेवंती आणि रश्मी एकच बाई आहे म्हणून.”

“देते ना. कुठं करू सही?”

“इथे रश्मी म्हणून, खाली शेवंती म्हणून. लवकर कर गं, मागे लोक उभे आहेत.”

“ही घे रश्मीची.”

“मग दुसरी? नुसतं पेन काय धरून बसलीस?”

“थांब रे जरा. शेवंती सही कशी करायची, ते आठवू दे.”