न दिलेली तिसरी हाक

जबाब

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा: सेवानिवृत्त लघुलेखिका, शिक्षण: कॉन्व्हेंट शाळेत मॅट्रिकपर्यंत, राहणार बंदरामागच्या तिमजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर, पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझ्या थोरल्या बहिणीसह राहते. आम्ही दोघीही अविवाहित आहोत. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मला आतापर्यंत दोनदा 'आजी' म्हटले आहे. मी कोणाचीही आजी नाही, हे वरच्या वाक्यावरून उघड आहे.

मासळीबाजारात लिलाव पुकारणारा जो इसम काल संध्याकाळी अटक करून येथे आणला आहे, तो आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. त्याला इमारतीत सगळे 'भोंगा' म्हणतात. हे नाव मीच ठेवलेले आहे. त्याच्या आवाजाबद्दल मी याच ठाण्यात पूर्वी तक्रारी दिल्या आहेत. त्या सापडल्यास वाचाव्यात, म्हणजे मी काही त्याच्या बाजूची माणूस म्हणून बोलत नाही, एवढे ध्यानात येईल.

गेल्या आठवड्यापासून समुद्राचे पाणी तांबडे झाले आहे. विटांचा चुरा कालवावा तसा रंग आहे. किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा थर साचला असून खिडकी उघडली की घसा खवखवतो. बंदर कार्यालयात मी फोन केला असता "पाणी आपोआप निवळेल" असे उत्तर मिळाले. पगार मात्र आपोआप घेत असावेत. मेलेली मासळी पाहून लोकांनी मासे घेणे बंद केले होते. पण शिंपल्या जिवंत येत होत्या, म्हणून त्या विकल्या जात होत्या.

काल सकाळी ताईने, म्हणजे माझ्या बहिणीने, शिंपल्या आणल्या. मी तिला म्हटले, "ताई, समुद्राची दशा बघ आणि तू हे काय घेऊन आलीस?" त्यावर ती म्हणाली, "जिवंत आहेत गं. बघ, कशा तोंड मिटून बसल्यात. तूपण शीक काहीतरी." हे तिचे शब्द मी जसेच्या तसे देत आहे.

शिंपल्या तिने चांगल्या उकळून खाल्ल्या. माझी कवळी दुरुस्तीला असल्यामुळे मी दूध-पाव खाल्ला. कवळी वेळेवर दिली नाही म्हणून दंतवैद्याला मी परवा नको ते बोलले होते. ते सर्व मागे घेते.

जेवण होऊन फार वेळ झाला नव्हता, तेव्हा ताई म्हणाली की ओठ बधिर झालेत. मग जीभ, मग बोटे. मी "पुरे झाली सोंगं" असे म्हटले. ती उठायला गेली आणि पाय दुसऱ्या कोणाचे असावेत तशी खाली बसली. श्वास वरवर येऊ लागला. मी जिन्यात जाऊन ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. चाळीस वर्षे लोकांचे बोलणे शब्दन् शब्द टिपण्याचे काम केले असूनही आठवत नाही, हे नमूद करावे.

भोंगा दुपारचा झोपलेला होता. तो बनियनवर शर्ट अडकवत वर आला. त्याने काही विचारले नाही. "मोठ्या मावशी, माझ्या गळ्यात हात टाका. लाजू नका, कुणाला सांगणार नाही," असे म्हणून त्याने ताईला उचलले. जिना अरुंद आहे. ताईचे वजन मी येथे लिहून देणार नाही, पण त्याने तिला कोठेही खाली टेकवले नाही. रस्त्यावर अडवलेल्या टेम्पोतून रुग्णालयात जाताना तो तिच्याशी सारखा बोलत होता, "डोळे मिटायचे नाहीत हं! बोली चालू आहे. तुम्ही झोपलात तर माल दुसरा कोणी उचलून नेईल!" मी त्याला "गप्प बस" म्हटले नाही.

रुग्णालयातील डॉक्टरबाईंनी ताई काय जेवली ते विचारले आणि सांगितले, की पाणी असे तांबडे झाले म्हणजे त्यातले विष शिंपल्यांत साठते. शिंपलीला काही होत नाही, खाणाऱ्याला होते, आणि ते उकळूनही जात नाही. त्यांनी ताईला श्वासाच्या यंत्रावर ठेवले. म्हणाल्या, "विष उतरेपर्यंत यंत्र त्यांच्या वतीने श्वास घेईल. आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते." मग त्यांनी बंदर कार्यालयाला फोन लावला. तो कोणी उचलला नाही. संध्याकाळचा लिलाव सुरू व्हायची वेळ झाली होती. "बाजारात कोणी जाऊन सांगेल का?" असे त्यांनी विचारताच भोंगा निघाला. मीही निघाले, कारण मला आत बसू देत नव्हते आणि बाहेर बसवत नव्हते.

धक्क्यावरच्या लिलावाच्या ओट्यावर शिंपल्यांचे क्रेट मांडलेले होते. माल एका होडीवाल्याचा होता. भोंगा स्टुलावर चढून म्हणाला, "आज शिंपल्या कोणी घेऊ नका. मोठ्या मावशी यंत्रावर आहेत." तेव्हा फिर्यादी व्यापारी, जो हा माल घेऊन गावभर पाठवणार होता, तो मला म्हणाला, "आजी, तुमच्या बहिणीचं वय झालंय. त्याला माझ्या धंद्यानं काय करायचं?" मी त्याला जे उत्तर दिले ते मला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेले नव्हते. त्यावर तो होडीवाल्याला म्हणाला, "लिलाव राहू दे. मी परस्पर घेतो."

तेव्हा भोंगाने पुकारायला सुरुवात केली. व्यापाऱ्याचे "घेतो" हीच बोली धरून तो "एक!" म्हणाला. मला वाटले, हा फिरला. मग तो "दोन!" म्हणाला आणि थांबला.

बाजाराचा नियम मी काल तेथेच समजून घेतला. एकदा बोली पुकारली की माल ओट्यावरून कोणी हलवायचा नाही, आणि "तीन" म्हटल्याशिवाय तो घेणाऱ्याचा होत नाही. भोंगा "दोन" वर थांबून राहिला. व्यापारी ओरडला, "तीन म्हण ना लेका! तीन म्हण!" भोंगा म्हणाला, "घसा बसलाय." सगळा बाजार हसला. तेवढ्यात डॉक्टरबाईंचे म्हणणे मी सर्वांना मोठ्याने सांगितले. ते ऐकून होडीवाल्याचा चेहरा उतरला. "घरी बायको तेच शिजवतेय," असे म्हणून तो अनवाणी पळत सुटला.

व्यापाऱ्याच्या माणसांनी नियम न जुमानता क्रेट उचलायला हात घातला. तेव्हा भोंगाने माझ्याकडे पाहिले. मी मोठ्याने "पाड!" असे म्हटले. त्याने क्रेट धक्क्यावरून पाण्यात पाडले. ठाण्याच्या साहेबांनी येथे सांगितले की हे वाक्य लिहिल्यास मलाही आरोपी करावे लागेल. वाक्य लिहावे.

फिर्यादीत 'मला ढकलून पाडले' असे म्हटले आहे. ते खोटे आहे. फिर्यादी क्रेट धरायला धावला आणि मेलेल्या माशांवरून घसरून त्यांच्यातच बसला. पाय त्याचे, चप्पल त्याची, मासे समुद्राचे. त्याला कोणी हात लावला नाही. लावावासा कोणाला वाटलाही नसता.

फिर्यादीत 'माझ्या मालकीचा माल' असेही म्हटले आहे. "तीन" म्हटले गेले नाही. मी जवळ उभी होते आणि माझे कान ठीक आहेत. माल होडीवाल्याचाच होता. तो आज सकाळी रुग्णालयात आला होता. तो पोचला तेव्हा भांडे चुलीवर होते आणि मुले ताटे घेऊन बसली होती. त्याची काही तक्रार नाही. तो हे येथे येऊन सांगणार आहे.

हे ऐकून साहेबांनी फिर्यादीला आत बोलावले आणि "तीन ऐकलंत का?" एवढेच विचारले. फिर्यादीने वकिलाला विचारून सांगतो असे उत्तर दिले. त्यानंतर साहेबांनी भोंगाला कोठडीतून काढून बाहेरच्या बाकावर बसवण्यास सांगितले. साहेबांची मी आभारी आहे.

ताईच्या घशातली नळी आज सकाळी काढली. तिने चहा मागितला आणि तो पाणचट आहे म्हणून परिचारिकेला ऐकवले. डॉक्टरबाई, परिचारिका, ज्याने भाडे घेतले नाही तो टेम्पोवाला आणि तो दंतवैद्य यांची मी ऋणी आहे. माझी बहीण आज जिवंत आहे ती बाहेर बाकावर बसलेल्या इसमामुळे. हे वाक्य तपासाशी संबंधित नाही म्हणून हवालदार ते गाळत होते. ते गाळू नये.

साहेब म्हणाले, की आभार मानायचे तर समोर जाऊन मानावेत, जबाबात कशाला? मी मघाशी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले होते, ती त्यासाठीच. तो उठून उभा राहिला आणि "मावशी, मोठ्या मावशी कशा आहेत?" असे त्याने विचारले. मी "शर्टाची बटणं नीट लाव" एवढेच म्हणाले आणि परत आत आले.

मला वाचता येते व माझा चष्मा माझ्याजवळ आहे. तरीही हा जबाब मला वाचून दाखवावा, सावकाश वाचावा, आणि वाचताना खोलीचे दार उघडे ठेवावे, असे मी सांगितले. त्याप्रमाणे हवालदारांनी तो बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे आणि त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.

सही