आबांचे थेंब आणि भातगिरणीचा काटा

५ जानेवारी. कडाक्याची थंडी, दुपारपर्यंत दव. डायरीत रोज हवामान लिहितो म्हणून लोक मला हसतात, पण यंदा ते कामाला आलं.

त्या दिवशी भोरच्या डॉक्टरांनी आमच्या वडिलांना, आबांना, गुडघेदुखीवर सीबीडीचे थेंब दिले. औषध भांगेच्या झाडातलं, पण नशा न आणणारं. "भूक कमी होऊ शकते. वजन घटलं तर थेंब लगेच बंद करून मला फोन करा," असं त्यांनी बजावलं. म्हणून परतताना विंझरच्या भातगिरणीत आबांना काट्यावर उभं केलं. पन्नास किलो आठशे.

मार्चमध्ये आबा दोनाऐवजी दीडच भाकरी खाऊ लागले. त्यांना पुन्हा त्याच काट्यावर चढवलं. अठ्ठेचाळीस किलो दोनशे.

"आबा, थेंब बंद. दोन किलो सहाशे गेलं तुमचं!"

"आरं, लई वर्सांनी गुडगा गप बसलाय. त्याला कशाला उठवतूस?"

"आणि भाकरी?"

"उन्हाळ्यात म्या कवा दोन खाल्ल्या?"

तरी मला धीर धरवेना. घरी येऊन, डॉक्टरांना फोन लावण्याआधी थेंब सुरू केल्याची तारीख पाहायला डायरी उघडली. त्या दिवसाची पहिलीच ओळ थंडीची.

"आबा, जानेवारीत काट्यावर चढताना अंगावर काय होतं?"

"घोंगडी. मग काय कुडकुडत हुबा ऱ्हाऊ व्हय?"

घोंगडी गिरणीत नेऊन एकटीच काट्यावर ठेवली. दोन किलो सहाशे.