टीव्हीवरचं पुस्तक आणि समोरचा शिंपी

...आणि वर मलाच विचारतात, बाबा, याला काय वाचन म्हणायचं? मग काय म्हणायचं? अक्षरं आहेत, डोळे आहेत, मी ओळ लावतोय, तुमच्यात याला दुसरं काही नाव असेल तर सांगा! तुम्हाला सांगतो, बहात्तर वर्षांत मी एक पुस्तक वाचलेलं नाही. तिसरीत शाळा सुटली, हातात पाईप आला, तो पन्नास वर्षं सुटला नाही. नळ जोडले, मोऱ्या काढल्या, लोकांचं तुंबलेलं मोकळं केलं. वाचल्या त्या पाट्या. 'धोका'. 'आत येऊ नये'. पाटीचं कसं, वीतभर अक्षर, दोन शब्द, संपला विषय. पुस्तकात नुसती मुंग्यांची रांग, तिसऱ्या मुंगीपाशीच माझी वाट चुकते.

आता झालं काय, मी मोरीत घसरलो. जन्मभर दुसऱ्यांच्या मोऱ्यांत उभा राहिलो आणि पडलो स्वतःच्या. खुब्याचं हाड गेलं, ऑपरेशन झालं, पडून राहा म्हणाले. पडून माणूस करणार काय? छत बघणार. छताला ओल आलेली, ती कुठल्या पाईपची हेही मला ठाऊक, पण उठायची बंदी. शेवटी सुट्टीला आलेल्या नातीला कणव आली. तिने हॉलमधला टीव्ही आणून माझ्या पायथ्याच्या भिंतीला लावला, त्यात कुठूनसं पुस्तक घातलं, आणि अक्षरं मोठी करत गेली, करत गेली, ती इतकी की पडद्यावर मावतात अकरा शब्द. पाटीच की ही! मी आडव्याचा उठून बसलो. ती हॉस्टेलला निघून गेली आणि मी वाचायला लागलो.

गोष्ट अशी, एका बाईचा नवरा बोटीवर गेलाय, परत आलेला नाही, आणि ती रोज बंदरावर जाऊन उभी राहते. म्हटलं बघू, येतो का. खाली कोपऱ्यात आकडा, सहा हजार दोनशे चौदा पैकी एक. दिवसाला शंभर पानं व्हायची. बटण दाबलं की पुढचं पान, थुंकी नाही, बोट नाही. कुणाला त्रास? माणूस वाचतोय, वाचू द्या की त्याला.

पण नाही. मुलगा ऑफिसातून आला, दारात उभा राहिला, म्हणाला, बाबा, पुस्तक हातात घ्यायचं असतं, त्याला एक वास असतो. अरे बाबा, पन्नास वर्षं मोऱ्यांत गेली माझी, वास माझ्या वाट्याला पुरून उरलाय, तुझा तू घे. सुनेने डोळ्यांचं काढलं. डोळे बिघडतात म्हणे. माझ्या डोळ्यांची काळजी तिला तेव्हापासून, जेव्हापासून हॉलमध्ये टीव्ही नाही! मग दोघांनी स्वयंपाकघरात कुजबुजून ठरवलं, बाबा चालायला लागले की टीव्ही हॉलमध्ये. कुजबुजले, पण मला पाण्याचा थेंब कुठे पडतो ते भिंतीआडून ऐकायची सवय. ऐकलं. आणि त्या दिवसापासून माझं चालणं बंद.

म्हणजे येत होतं हो चालायला. घरात कुणी नसलं की भिंत धरून संडासात एकटा जाऊन यायचो. पण ती व्यायामवाली पोरगी आली, "आजोबा, डावा पाय उचला" म्हणाली, की माझा चेहरा असा, जणू डावा पाय ही काय भानगड आहे. ती बिचारी वहीत लिहायची, प्रगती नाही. मला काय आनंद व्हायचा! तिकडे नवरा यायचा राहिलाय आणि मी इकडे कसा चालू? माणूस वाचतोय, वाचू द्या की त्याला.

आता शिंप्याकडे येतो. गल्लीपलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या खिडकीच्या बरोब्बर समोर त्याची खिडकी. नऊ वर्षं आम्ही बोलत नव्हतो. तो माझ्या नळाला गळका म्हणाला, मी त्याच्या पँटला तोकडी म्हणालो, बोलणं संपलं. तर एका दुपारी मी पान चार हजार नऊशेवर, बाईला बंदरावर कुणीतरी एक चिठ्ठी देतं, मी 'चिठ्ठी' हा शब्द लावतोय सावकाश, आणि समोरून आवाज, "अरे, पुढे घे की!"

मी मान वळवली. शिंपी खिडकीत खुर्ची टाकून बसलेला. चष्मा, गुडघ्यावर उसवलेला कोट, सुई हवेत. महिनाभर वाचत होता लेकाचा! माझं पुस्तक! आणि माझ्यापेक्षा भरभर! मी म्हटलं, मी पानाला जितका वेळ लावायचा तितका लावीन. तो म्हणाला, "चिठ्ठीला अर्धा तास? तेवढ्यात मी कोट उसवून परत शिवला." म्हटलं, असं काय? मग आता बघच. रिमोट त्याला दिसेल असा वर धरला आणि टाकला पायथ्याशी. घे, बस चिठ्ठीवर. मी डोळे मिटले. नवरा आला नाही तरी चालेल, पण शिंप्याला कळता कामा नये.

आणि रिमोट घरंगळला. खाली पडून टीव्हीखालच्या कपाटाशी गेला. ठीक. पण थोड्या वेळाने पडद्यावर काय आलं? 'कुणी पाहत नाही. साठ सेकंदांत बंद होईल.' कुणी पाहत नाही? अरे, दोन म्हातारे पाहतायत! मागे एकदा असंच बंद झालं होतं, तर पुस्तक उघडलं ते पान एकवर. चार हजार नऊशे वेळा बटण दाबायचं? या अंगठ्याने? पन्नास... पंचेचाळीस... समोरून शिंपी ओरडतोय, "ऊठ, मेल्या, ऊठ!"

उठलो. काठी नाही, भिंत नाही. सात पावलं गेलो, वाकलो, रिमोट घेतला, बटण दाबलं. नऊ सेकंद उरले होते. चिठ्ठी बचावली, पान वाचलं, मी हात वर करून उभा, शिंपी टाळ्या वाजवतोय... आणि दारात सून. तिच्यामागे व्यायामवाली, वही उघडून.

"बाबा," सून म्हणाली, "चाललात की."

संध्याकाळी टीव्ही हॉलमध्ये. तिथे आता सगळे मिळून बघतात, मी सोडून.

चार दिवस छत बघितलं. पाचव्या दिवशी शिंप्याने खिडकीतून विचारलं, चिठ्ठीत काय होतं? म्हटलं, मला तरी काय माहीत? त्याने सुई कोटात खोचली आणि म्हणाला, "माझ्याकडे आहे टीव्ही." नातीने त्याला फोनवर सगळं समजावलं. आता मी रोज दुपारी काठी टेकत तीन जिने उतरतो, तीन चढतो, त्याच्या पलंगावर अर्ध्या भागात पडतो, अर्ध्यात तो. रिमोट त्याच्याकडे. माझी पाच शब्दांशी गाठ पडते न पडते, की पान गेलं. काल शेवटी म्हटलं, जरा थांब ना रे, माणूस वाचतोय.

तर म्हणाला, "घरी जाऊन वाच."

पडून राहिलो. काय करता... नवरा अजून यायचाय.